चिठ्ठी मागणारा दुकानदार

नागपूरच्या कोणत्याही वस्तीत जा. महाल असो, इतवारी असो की धरमपेठ असो, चौकात एखादे तरी औषधांचे दुकान दिसतेच. फळ्यांवर ओळीने मांडलेल्या बाटल्या आणि खोकी, आणि त्यांच्यापुढे उभा असलेला एक मनुष्य. आपण डॉक्टरांची चिठ्ठी पुढे करतो. तो ती वाचतो, औषध देतो, पैसे घेतो. किराणा दुकानदारात आणि याच्यात काय फरक, असे एखाद्यास वाटेल. पण फरक आहे आणि तो मोठा आहे. गिऱ्हाइकाने मागितलेली वस्तू देणे हे किराणा दुकानदाराचे काम. मागितलेली वस्तू केव्हा देऊ नये हे जाणणे, हे औषधविक्रेत्याचे काम.

हे कसे, ते पाहू. औषध आणि विष ही दोन निराळी द्रव्ये आहेत, अशी आपली समजूत असते. वास्तविक पुष्कळदा एकच द्रव्य दोन्ही असते. अफूचे उदाहरण घ्या. खसखशीच्या हिरव्या बोंडाला चीर दिली म्हणजे जो चीक पाझरतो, तो वाळून अफू होते. तिच्यातील मॉर्फीनने शस्त्रक्रियेनंतरच्या आणि कर्करोगाच्या असह्य वेदना शमतात. तिच्यातील कोडीन खोकल्याच्या काही औषधांत घालतात. नेमून दिलेल्या मात्रेत ही द्रव्ये उपकारक ठरतात. पण शरीर त्यांना लवकर सरावते. काल एका चमच्याने जे साधले, त्याला पुढे दोन लागतात. औषध न मिळाले तर अंग दुखते, घाम सुटतो, जीव कासावीस होतो. हा त्रास टाळण्यासाठी मनुष्य पुन्हा तेच औषध घेतो. असे हे व्यसन जडते. मात्रा फारच वाढली, तर श्वास मंदावतो आणि प्राणावर बेतते. झोपेच्या काही गोळ्यांचीही अशीच सवय लागते.

हे शहाणपण जगाला उशिरा आले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या कित्येक स्त्रिया तान्ह्या मुलांना अफूची 'बाळगोळी' देऊन निजवीत. 1898 साली जर्मनीतील बायर कंपनीने मॉर्फीनपासून तयार केलेले एक नवे औषध खोकल्यावरील गुणकारी उपाय म्हणून बाजारात आणले. त्याचे नाव हेरॉइन! एकेकाळी ते औषधांच्या दुकानांत उघडपणे मिळत असे. त्याच हेरॉइनचा अशुद्ध प्रकार 1980 नंतरच्या वर्षांत 'गर्द' या नावाने मुंबई-पुण्याच्या तरुणांत पसरला आणि त्याने अनेक घरे उद्ध्वस्त केली. अशा रुग्णांसाठी डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी 1986 साली पुण्यास 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले.

अशा अनुभवांतून नियम घडले. आपल्या देशात औषधांविषयीचा कायदा 1940 साली झाला. 1948 च्या कायद्याने, चिठ्ठीवरील औषध देण्याचे काम नोंदणी झालेल्या, शिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडेच सोपविले. 1 मार्च 2014 पासून 'एच-1' नावाची औषधांची एक वेगळी यादी लागू झाली. कोडीन आणि झोपेच्या अनेक गोळ्या तिच्यात आहेत. यांतील औषध देताना डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण वेगळ्या वहीत लिहावे लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. तथापि वही बोलत नाही; 'नाही' असे दुकानदारालाच म्हणावे लागते.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. मुख्याध्यापक असताना एका वर्षी मला निद्रानाश जडला. डॉक्टरांनी दहा दिवसांपुरत्या गोळ्या लिहून दिल्या. दहा दिवस संपले, पण आता गोळीवाचून डोळा लागेना. तीच जुनी चिठ्ठी घेऊन मी महालातील नेहमीच्या दुकानात गेलो. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. चिठ्ठीवरील तारीख पाहून तो हलक्या आवाजात म्हणाला, "सर, या चिठ्ठीवर मला पुन्हा गोळ्या देता येणार नाहीत. डॉक्टरांना एकदा भेटून या. दुकान रात्री दहापर्यंत उघडे आहे. मी वाट पाहतो."

मला राग आला. विद्यार्थ्याने गुरूला नकार द्यावा! मी तडक दुसऱ्या एका दुकानात गेलो. तेथे कोणी चिठ्ठी मागितली नाही. दोन महिने मी तेथूनच गोळ्या नेत राहिलो. एकीच्या दोन झाल्या. सकाळी डोके जड राही. वर्गात मुलांची नावे आठवेनात. एके दिवशी फळ्यावर लिहिताना हात थरथरला आणि मागच्या बाकावरून हसू ऐकू आले. त्याच संध्याकाळी मी डॉक्टरांकडे गेलो. अशा गोळ्या एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. म्हणून त्यांनी मात्रा थोडी थोडी कमी करीत आणली. त्या पूर्ण सुटण्यास सहा आठवडे लागले. मग मी महालातील दुकानात गेलो. त्याने काहीएक विचारले नाही. बसावयास स्टूल पुढे केले.

औषधविक्रेत्याचे काम केवळ नकारापुरते नाही. ब्रिटनमध्ये व्यसनातून सुटू पाहणाऱ्या अनेक रुग्णांस डॉक्टरांनी दिलेले पर्यायी औषध वस्तीतल्या दुकानात, औषधविक्रेत्याच्या डोळ्यांसमोर घ्यावे लागते. एकाची सुई दुसऱ्याने वापरल्यास एड्सचे आणि काही प्रकारच्या काविळीचे विषाणू पसरतात. म्हणून तेथील कित्येक दुकानांत निर्जंतुक सुया देतात आणि वापरलेल्या परत घेतात. आपल्याकडे ही कामे मुख्यतः शासनाच्या मदतीने चालणारी केंद्रे आणि सेवाभावी संस्था करतात. व्यसनी मनुष्य हाही रुग्णच आहे आणि बरा होण्यासाठी तो आधी जिवंत राहिला पाहिजे, हा यामागील विचार आहे.

मुलांनो, तुम्हीही यात साहाय्य करू शकता. घरात उरलेली गोळी आपल्या मनाने घेऊ नका. मित्राला देऊ नका. चिठ्ठीवाचून औषध आणावयास कोणी पाठविले आणि दुकानदाराने नाही म्हटले, तर हट्ट धरू नका. कोणी व्यसनात सापडल्याचे दिसले, तर त्याला हसू नका. आईवडिलांना किंवा शिक्षकांना सांगा. 14446 या क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो. चिठ्ठी मागणारा दुकानदार क्षणभर आपल्याला अडवितो खरा; परंतु तो ज्या वाटेवर अडवितो, त्या वाटेवरून परतणे किती कठीण असते, हे मी पाहिले आहे.

स्वाध्याय

1. किराणा दुकानदार आणि औषधविक्रेता यांच्या कामांत लेखकाने कोणता फरक सांगितला आहे?
2. 'एच-1' यादीतील औषध देताना कोणत्या गोष्टींची नोंद करावी लागते?
3. "वही बोलत नाही" असे लेखक का म्हणतो?
4. दुकानदाराने पुढे केलेल्या स्टुलावरून त्याच्या स्वभावाविषयी तुम्हाला काय कळते, ते पाच-सहा ओळींत लिहा.