नाव झाकलेली खोली

मॅनहॅटनमध्ये हॉटेलचं नाव न सांगता स्वस्तात खोली मिळते म्हटलं, की पहिली शंका येते: नाव लपवताहेत म्हणजे मालात खोट असणार. खरं तर नाव लपवण्याची गरज नावाजलेल्या हॉटेलांनाच जास्त. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. पण तिचा भाव उघडपणे पाडला, तर पूर्ण पैसे मोजणारी नेहमीची गिऱ्हाइकं आणि वर्षाचा करार केलेल्या कंपन्या तोच भाव मागायला येतात. म्हणून सवलत द्यायची, पण कोण देतंय ते पैसे भरेपर्यंत कळू द्यायचं नाही.

दुसरा समज म्हणजे हा लिलाव आहे, इतरांपेक्षा चढी बोली लावावी लागते. प्राइसलाइन या आरक्षणाच्या साइटने १९९८ साली ‘तुमचा भाव तुम्हीच सांगा’ ही पद्धत आणली, तेव्हाही तो लिलाव नव्हता. शहराचा भाग, तारखा आणि हॉटेलचा तारांकित दर्जा निवडायचा, रक्कम सांगायची, कार्डाचा नंबर द्यायचा. हॉटेलांनी तळाचे भाव आधीच यंत्रणेत भरलेले असत. रक्कम त्यात बसली की पैसे कापले जात आणि मगच नाव दिसे. गिऱ्हाइकाची झुंज न दिसणाऱ्या आकड्याशी होती, दुसऱ्या गिऱ्हाइकाशी नव्हे. गरजेपेक्षा जास्त बोललात, तर वरचे पैसे परत मिळत नसत. बोली नाकारली गेली, तर त्याच तपशिलांवर लगेच दुसरी लावता येत नसे. मुरलेले लोक मग हव्या त्या दर्जाचं हॉटेलच नसलेला एखादा भाग यादीत जोडत. तपशील बदलला म्हणून नवी बोली चाले, आणि भलत्या भागातली खोली गळ्यात पडण्याचा धोकाही नसे.

ही शक्कल आता इतिहासजमा झाली. विमान तिकिटांवरची बोली २०१६ मध्ये बंद पडली, पुढे हॉटेलांवरचीही. तरी ‘निम्म्यापासून बोली सुरू करा’ असा सल्ला अजून फिरतो! आजच्या प्राइसलाइनच्या ‘एक्सप्रेस डील्स’मध्ये किंवा हॉटवायरच्या ‘हॉट रेट’मध्ये भाव साइटच सांगते, झाकलेलं असतं ते फक्त नाव. तेही पुरतं झाकलेलं नसतं. पाहुण्यांनी दिलेले गुण, दर्जा, सोयी यांची यादी त्याच भागातल्या उघड्या हॉटेलांशी ताडून पाहिली, तर बऱ्याचदा दोन-तीन नावांपर्यंत पोचता येतं.

दिसलेला आकडा म्हणजे बिल नव्हे. न्यूयॉर्क शहरात खोलीवर एकूण १४.७५ टक्के कर आणि वर रात्रीमागे साडेतीन डॉलर लागतात, म्हणजे २०० डॉलरची खोली सुमारे २३३ ला पडते. हॉटेलांची सक्तीची ‘डेस्टिनेशन फी’ मे २०२५ पासूनच्या संघीय नियमानुसार भावातच दाखवावी लागते. सरकारी कर मात्र शेवटच्या पानापर्यंत वेगळे राहू शकतात.

आपल्याकडच्या कुटुंबांना खरा फटका बसतो तो वेगळ्याच ठिकाणी. सवलत नावाच्या बदल्यात मिळते असं वाटतं. माझ्या मते ती मुख्यतः बेत बदलण्याच्या हक्काच्या बदल्यात मिळते. असं आरक्षण सहसा रद्द होत नाही, तारीख सरकत नाही. खोलीत दोन माणसं झोपतील एवढीच बहुतेकदा हमी. दोन स्वतंत्र पलंग मिळतीलच असं नाही. आई-वडील आणि दोन मुलं असतील, तर हा सौदा मुळातच आपला नव्हे. व्हिसा हाती येण्याआधी तर मुळीच नव्हे: अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी पैसे भरलेलं हॉटेल दाखवावं लागत नाही, उलट व्हिसा मिळेपर्यंत प्रवास पक्का करू नका असंच तिथलं परराष्ट्र खातं सांगतं.

तेव्हा त्याच दर्जाच्या, रद्द करता येणाऱ्या खोलीचा करासकट भाव आधी पाहावा. फरक वीस-पंचवीस डॉलरचा असेल, तर उघड्या नावाची खोली घ्यावी. जानेवारी-फेब्रुवारीत तर मॅनहॅटनचे उघडे भावच खाली आलेले असतात.