दाढेतली चांदी आणि तिच्यातला पारा

‘दाढेत चांदी भरून घेतली’ असं आपण सहज म्हणतो. त्या चांदीत वजनानं जवळजवळ निम्मा पारा असतो. उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील आणि तांबं. ही माहिती आता मोबाइलवरून घरोघरी पोहोचली आहे, पण अर्धीच. त्यामुळे ओपीडीत बीपी, शुगर सगळं विचारून झाल्यावर उठता उठता हमखास प्रश्न येतो, ‘‘डॉक्टर, दाढेतली चांदी काढून टाकू का?’’

मागच्या हिवाळ्यात पंचेचाळिशीच्या एक बाई आल्या. चार दाढांत जुनी चांदी. जिना चढताना धाप, दुपारनंतर अंग गळून जायचं, पायांना मुंग्या. मुलानं इंटरनेटवर वाचून निदान करून टाकलं होतं: पारा. चारही दाढा उकरून सिमेंट भरण्यासाठी बाईंनी भिशीचे पैसे बाजूला काढले होते. तपासलं तर हिमोग्लोबिन साडेसात. दर महिन्याला पाळीत बेसुमार रक्त जात होतं आणि हे त्यांनी घरात कुणाला सांगितलंच नव्हतं. मुंग्यांचं कारण होतं बी-१२ची कमतरता. लोह, बी-१२ची इंजेक्शनं आणि स्त्रीरोग विभागातले उपचार सुरू झाले. दाढांना कुणी हात लावला नाही. थकवा, विसरभोळेपणा, मुंग्या ही लक्षणं इतकी सर्वसाधारण आहेत, की ती दाढेच्या नावावर टाकली की खरा आजार खुशाल वाढत राहतो. मला चांदीपेक्षा याची धास्ती जास्त वाटते.

मग पाऱ्याची भीती खोटी का? तसंही नाही. इतर धातूंशी एकजीव होऊन पारा घट्ट बसला, तरी घास चावताना किंवा झोपेत दात खाताना त्याची अगदी थोडी वाफ सुटते. श्वासातून आत गेलेली बरीचशी वाफ फुप्फुसांतून रक्तात जाते. चांदी भरलेल्या दाढा जितक्या जास्त, तितका लघवीतला पारा किंचित जास्त, हेही मोजलेलं आहे. उलट भाकरीबरोबर चांदीचा तुकडा गिळला गेला, तर घाबरायचं कारण नाही. आतडी असा पारा जवळपास शोषतच नाहीत. तुकडा शौचावाटे निघून जातो.

या थोड्या वाफेनं अपाय होतो का, हे अमेरिका आणि पोर्तुगालमध्ये शाळकरी मुलांवर तपासलं गेलं. प्रत्येक ठिकाणी पाचशेहून अधिक मुलं. निम्म्यांना चांदी, निम्म्यांना सिमेंट. अमेरिकेत पाच वर्षं आणि पोर्तुगालमध्ये सात वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. निष्कर्ष २००६मध्ये प्रसिद्ध झाले: बुद्धी, स्मरणशक्ती, मूत्रपिंडं यांत फरक आढळला नाही. फॉरवर्डमध्ये जपानच्या मिनामाताची चित्रं असतात. तिथं १९५६मध्ये उघडकीला आलेली विषबाधा कारखान्याच्या सांडपाण्यातून माशांत गेलेल्या मिथिल पाऱ्याची होती. दाढेतला पारा तो नव्हे.

मात्र पाऱ्यावरच्या जागतिक कराराला नाव त्याच गावाचं आहे, आणि भारतही त्यात आहे. २०२२मध्ये या करारातल्या देशांनी ठरवलं, की दुधाच्या दातांत, पंधरा वर्षांखालच्या मुलांत, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांत दंतवैद्याला अत्यावश्यक वाटल्याखेरीज चांदी भरू नये. २०३४पर्यंत तिचा वापर सगळीकडेच थांबवायचा आहे. यामागे पर्यावरणाचा विचार मोठा आहे. दवाखान्याच्या बेसिनमधून हा पारा गटारात जातो आणि माणूस गेल्यावर चितेच्या धुरातून हवेत.

पण हे सगळं नव्यानं दाढ भरण्याबद्दल आहे. शाबूत असलेली जुनी चांदी उकरू नका. ड्रिल लागल्यावर ती तापते आणि एरवीपेक्षा जास्त वाफ त्याच वेळी सुटते. शिवाय दर वेळी निरोगी दाताचाही थोडा भाग जातो. सून गरोदर आहे म्हणून तिच्या दाढेतली चांदी ‘साफ’ करून आणण्याचा विचार तर अजिबात नको. चांदी तुटली, कडेनं कीड शिरली किंवा तिला टेकणाऱ्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरी जाळी, व्रण दिसू लागले, तर ती बदलावी. तेव्हा दंतवैद्य पाण्याचा फवारा आणि जोरदार सक्शन वापरतात.

गरोदरपणात दाढ दुखली तर बाळंतपण होईपर्यंत लवंग धरून बसू नये. सिमेंट भरता येतं, दातांचे उपचार या काळातही होतात. लहान मुलांच्या बाबतीत आजी हमखास म्हणतात, ‘‘दुधाची दाढ आहे, पडणारच आहे.’’ सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे जी दाढ येते, ती कायमची असते. तिच्या जागी आधी काही पडत नाही, म्हणून घरच्यांना तीही दुधाचीच वाटते. ती किडते आणि तशीच सोडली जाते.

पाऱ्याचीच काळजी असेल, तर आरशापुढची गोरेपणाच्या क्रीमची डबी आधी पाहा. अशा काही क्रीममध्ये पारा मोठ्या प्रमाणात सापडला आहे आणि तो कातडीतून थेट आत जातो. २०२३मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं अशा क्रीममुळे बिघडल्याचं समोर आलं होतं. डबीवर घटक किंवा बनवणाऱ्याचा पत्ता नसेल, तर ती वापरू नका. वापरत असाल आणि चेहरा, पाय सुजत असतील, लघवीला फेस येत असेल, तर लघवीची तपासणी करून घ्या आणि दवाखान्यात येताना डबीही बरोबर आणा.