वक्रतेच्या १४ राशी

भारतातल्या सापेक्षता-संशोधनाचा आढावा निघाला की वैद्य, रायचौधुरी, जयंत नारळीकर हा क्रम ठरलेला असतो. १९४३चे वैद्य मेट्रिक आणि १९५५चे रायचौधुरी समीकरण यांवर भरपूर लिहून झाले आहे, इथे त्याची उजळणी नको. सातारा-सांगलीत गणित शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना जो धागा आपला वाटायला हवा, तो मात्र या आढाव्यांतून नेमका निसटतो. तो भूमितीचा धागा आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबी अनेकांना इतिहासकार म्हणूनच ठाऊक असतात. १९३३ साली एका नामवंत जर्मन नियतकालिकात त्यांचा लेख आला आणि त्याला जोडूनच खुद्द एली कार्तान यांचे टिपण छापले गेले. मेट्रिक आधी गृहीत न धरता वाटांच्या अवकल समीकरणांतूनच भूमिती उभी करायची, हा कोसंबींचा विचार. १९३९मध्ये चर्न यांनी त्यात भर घातली आणि तिघांच्या नावाने सिद्धांत रूढ झाला. १९३३च्याच सुमारास कोसंबी ज्या फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले, ते आणि सांगलीचे १९१९चे विलिंग्डन महाविद्यालय ही डेक्कन एज्युकेशन सोसायटीचीच भावंडे.

खरा मुक्काम करावा तो विष्णु वासुदेव नारळीकरांपाशी. १९०८ साली कोल्हापुरात जन्म, केंब्रिजचे शिक्षण आणि १९३२पासून बनारस हिंदू विद्यापीठ. त्यांनी व के. आर. करमरकरांनी हाती घेतलेला प्रश्न मूलभूत होता: सहनिर्देशक बदलले तरी न बदलणारे असे गुरुत्वक्षेत्रात काय उरते? शेताचा गट नंबर बदलला म्हणून जमिनीचा चढउतार बदलत नाही, तसेच हे. चार मितींत रीमान टेन्सरचे २० स्वतंत्र घटक असतात, पण त्यांतून निघणाऱ्या स्वतंत्र अचल राशी १४च. त्यांचा संच या दोघांनी १९४९मध्ये उघड मांडून दाखवला.

अशा राशींचे मोल सापेक्षतेच्या समीकरणांना श्वार्झशिल्डने दिलेल्या उत्तरात कळते. r = 2m येथे मेट्रिक बिघडते, पण वक्रतेची 48m²/r⁶ ही राशी तिथे सान्तच राहते. ती अनंत होते r = 0 येथे. म्हणजे पहिला दोष सहनिर्देशकांचा, दुसरा अवकाशकालाचा. भूमिती ही सापेक्षतेची केवळ सोयीची भाषा आहे, असे मानणाऱ्या विद्वानांनी हा फरक भूमितीवाचून करून दाखवावा!

करमरकरांचा १९४८चा लेख तर आज नव्याने गाजतो आहे. गोलीय सममितीचा अवकाशकाल पाच मितींच्या सपाट अवकाशात बसण्यासाठी वक्रतेच्या घटकांनी कोणते बंधन पाळावे, ते त्यात आहे. श्वार्झशिल्डचे अंतर्गत उत्तर असे बसते. बाह्य उत्तराला सहा मिती लागतात. १९८२मध्ये पांडे आणि शर्मा यांनी वक्रतेचा R₂₃₂₃ हा घटक शून्य नसावा, ही आवश्यक पुस्ती जोडली.

या अटीमुळे मेट्रिकचे एक फलन निवडले की दुसरे आपोआप ठरते. त्यामुळे आता ताऱ्यांच्या प्रतिमानांचे पीक आले आहे. सोयीचे फलन घ्यायचे, दाब दिशेगणिक वेगळा मानायचा, आलेख काढायचे आणि लेख पाठवून मोकळे व्हायचे. पाचवी मिती का, दाब सर्व दिशांना सारखा ठेवला तर पर्याय इतके थोडे का उरतात, हे विचारायला कुणी थांबत नाही. करमरकरांचे नाव सूत्रापुरते उरले आहे, आणि ज्या प्रश्नातून ते सूत्र जन्मले तो मागे पडला आहे. ही घसरण बोचणारी आहे.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या गणित विभागाला सापेक्षता-संशोधनाची परंपरा आहे आणि सातारा-सांगलीची बहुतेक महाविद्यालये १९६२पासून त्याच छत्राखाली वाढली. १९४८ आणि १९४९चे हे दोन्ही लेख भारतीय विज्ञान अकादमीच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. एमएस्सीच्या वर्गात शिक्षकांनी ते मुळातून वाचून घ्यावेत आणि करमरकरांची अट विद्यार्थ्यांकडून फळ्यावर, हाताने सोडवून घ्यावी.