इंजिन मिळतं, काच मिळत नाही : जुन्या टाटा इस्टेटची घरच्या घरी दुरुस्ती

आजचा विषय जरा तेलकट आहे. घराच्या गॅरेजमध्ये, रविवारच्या सुट्टीत, जुनी स्टेशन वॅगन पुन्हा रस्त्यावर कशी आणायची आणि तसं करताना तिच्यात काय बदलावं, काय बदलू नये, याबद्दल आपण बोलणार आहोत. उदाहरणासाठी गाडी घेऊ आपल्याच गावातली. टाटा इस्टेट.

आधी थोडी ओळख. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, ही १९८० च्या दशकापर्यंत ट्रकची कंपनी म्हणूनच ओळखली जायची. पिंपरीच्या कारखान्यातून १९८६ मध्ये ४०७ आली आणि १९८८ मध्ये टाटामोबाईल हा पिकअप आला. याच पिकअपच्या पायावर १९९१ मध्ये दोन दारांची सिएरा आणि १९९२ मध्ये इस्टेट उभी राहिली. ट्रक बनवणारे हात मोटारीकडे वळले ते असे. पॉवर स्टिअरिंग, पॉवरवर चालणाऱ्या काचा, मागे भली मोठी सामानाची जागा. त्या काळात रस्त्यावर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि मारुती दिसायच्या, तेव्हा ही गाडी म्हणजे अप्रूपच होतं. खप मात्र बेताचाच राहिला. १९९४ मध्ये सुमो आली, १९९८ मध्ये इंडिका आणि सफारी आल्या आणि २००० च्या सुमारास इस्टेट बंद झाली.

आता पहिला मुद्दा, आणि तो नीट लक्षात ठेवा. गाडी जुनी झाली की लोक विचारतात, "इंजिन कसं आहे?" आम्ही आधी विचारतो, "मागचे दिवे शाबूत आहेत का? डिकीच्या दाराची काच मूळची आहे का? रबर आहे का?"

कारण सांगतो. इस्टेटचं इंजिन आहे ४८३. टेल्कोच्या नावात अर्थ असतो : पहिला ४ म्हणजे चार सिलिंडर, पुढचे ८३ म्हणजे सिलिंडरचा व्यास ८३ मिलिमीटर. पिस्टनची चाल ९० मिलिमीटर. गणित करून बघा, चार सिलिंडरचं मिळून १९४८ सीसी येतं. हेच इंजिन सुरुवातीच्या सुमोतही होतं, आणि सुमो किती विकल्या गेल्या ते वेगळं सांगायला नको. त्यामुळे या इंजिनाचे भाग शोधले तर सापडतात. ते खोललेले, जोडलेले मिस्त्रीही सापडतात. पण इस्टेटचा मागचा अर्धा भाग फक्त इस्टेटलाच होता. मागच्या बाजूच्या लांब काचा, डिकीचं दार, त्याभोवतीचं रबर, मागचे दिवे. हे दुसऱ्या कुठल्या गाडीचं लागत नाही आणि नवीन कोणी बनवत नाही. थोडक्यात, इंजिन मिळतं, काच मिळत नाही.

म्हणून काम सुरू करताना पहिल्या दिवशी पाना हातात घ्यायचा नाही. वही घ्यायची. गाडीचे तीन भाग करायचे. एक, जे बाजारात मिळतं. दोन, जे लेदवर किंवा पत्राकामात बनवून घेता येतं. तीन, जे मिळतही नाही आणि बनतही नाही. तिसऱ्या यादीतल्या वस्तू सगळ्यात आधी काढून, कापडात गुंडाळून, नाव लिहून घरात ठेवायच्या. गॅरेजमध्ये नाही, घरात. मग बाकीची ठोकाठोक. पुण्यात दुसऱ्या यादीची चिंता करू नये, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत जे कातून मिळत नाही असं फार थोडं आहे. आणि बुधवारी, रविवारी जुन्या बाजारात एक फेरी मारलीत तर कधी पहिल्या यादीतलं मिळेल, कधी तिसऱ्याही. नशिबाचा भाग आहे, पण फेरी चुकवू नये.

आता गंज. इस्टेटची रचना जुन्या पद्धतीची आहे. खाली शिडीसारखी जाड पोलादी चासी, आणि तिच्यावर रबराच्या गुटक्यांवर बोल्टने बसवलेली बॉडी. याचा फायदा असा की वरचा पत्रा सडला तरी भार पेलणारा सांगाडा बहुधा टिकून असतो. तोटा असा की चासी आणि बॉडीच्या मधल्या फटीत चिखल बसतो, तो पावसाळाभर ओला राहतो आणि वरून काहीच दिसत नाही.

गंजायला तीन गोष्टी लागतात : लोखंड, पाणी आणि हवा. यातलं आपल्या हातात असतं ते पाणी. दारांच्या तळाशी आणि डिकीच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला छोटी भोकं दिलेली असतात. ती चिखलाने किंवा कोणीतरी हौसेने मारलेल्या रंगाने बुजतात, आणि दार आतून हौद बनतं. त्यामुळे पहिली दुरुस्ती फुकट आहे : एक तार घ्या आणि सगळी भोकं मोकळी करा.

मग लोहचुंबक घ्या, पातळ कापडात गुंडाळा आणि गाडीवरून फिरवा. चुंबक जिथे धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे. बोटाच्या पेराने ठोकून बघा. पत्रा वाजतो, लांबी बद्द आवाज करते. चाकांच्या कमानी, पुढच्या माणसांच्या पायाखालची जमीन आणि डिकीची कड, या जागा हमखास बघायच्या. वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशने घासून फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावायचं. ते उरलेल्या गंजाचं लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करतं आणि त्यावर प्रायमर धरतो. पत्रा आरपार गेला असेल तर मात्र लांबी भरणं म्हणजे दुखणं झाकणं. तेवढा पत्रा कापून नवीन जोडायलाच हवा.

घरी काय करायचं नाही, तेही सांगतो. आजचे चांगले दोन घटकांचे रंग असतात, त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्याने श्वसनाचा कायमचा त्रास होऊ शकतो. साध्या कापडी मास्कने काहीही होत नाही. शेवटचा रंग बूथ असलेल्या माणसाकडूनच मारून घ्यावा. दुसरं, जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर फुंकर मारायची नाही, हवेचा पाइप लावायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. तिसरं, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. लोखंडी घोडे लावायचे, गाडी हलवून बघायची, मगच खाली जायचं.

यंत्राच्या कामाचा आमचा क्रम ठरलेला आहे : आधी ब्रेक, मग पाणी, मग इंजिन. लोक उलटं करतात, आधी गाडी चालू करतात. अहो, चालू झालेली गाडी थांबलीही पाहिजे ना!

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट-३ प्रतीचं ताजं ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं. ओल शोषलेल्या ऑइलचा उत्कलनबिंदू १४० पर्यंत उतरू शकतो. कात्रजचा किंवा खंबाटकीचा घाट उतरताना भरलेल्या गाडीचे ब्रेक तापतात, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट जमिनीला टेकतं. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, एवढंच त्याचं कारण. त्यामुळे वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीचं ब्रेक ऑइल पूर्ण बदलायचं आणि रबरी होजही बदलायचे.

डिझेल गाडीत आणखी एक मेख आहे. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलच्या मागे निर्वात तयार होतो आणि तोच ब्रेकच्या बूस्टरला मदत करतो. जुन्या डिझेलमध्ये थ्रॉटल नसतो, त्यामुळे निर्वातासाठी वेगळा पंप लागतो. अनेक गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागेच असतो. म्हणजे पट्टा तुटला की बॅटरीचा दिवा तर लागतोच, पण ब्रेकही दगडासारखा होतो. दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, मूळ एकच.

आता बदल. इथे खरा प्रश्न आहे, आणि तो हौसेइतकाच कायद्याचाही आहे.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीपुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. म्हणजे छप्पर कापणं, दुसऱ्या जातीचं इंजिन टाकणं हे आपल्या मनावर नाही. इंधनाचा प्रकार बदलायचा तर परवानगीची रीतसर वाट आहे. विजेवर करायची तर मंजूर झालेलाच संच लागतो. रंग बदलला तरी नोंद करावी लागते.

दुसरा नियम जुलै २०२१ चा. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राहिलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. आता हिशोब करा. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. १९९२ च्या इस्टेटची पंधरा वर्षं संपली २००७ मध्ये आणि पन्नास पूर्ण होतील २०४२ मध्ये. मधली पस्तीस वर्षं ही गाडी कायद्याच्या दृष्टीने फक्त जुनी आहे. भंगारवाल्याला ती हवी असते, संग्राहकाला अजून नको असते. या पस्तीस वर्षांत ती टिकली तर कोणाच्या तरी घरच्या गॅरेजमुळेच टिकेल. आणि २०४२ ला तिला मान मिळायचा असेल तर आज तिच्यात केलेला प्रत्येक बदल उद्या मागे घेता आला पाहिजे.

हीच आमची कसोटी. कापावं लागतं का? नवीन भोक पाडावं लागतं का? लागत असेल तर दहा वेळा विचार करायचा. मूळ भाग काढला तर तो टाकायचा नाही, चिठ्ठी लावून खोक्यात ठेवायचा.

या कसोटीला उतरणारे दोन बदल सांगतो. पहिला, दिव्यांचा रिले. हेडलाइटचा एक बल्ब ६० वॅटचा. १२ व्होल्टवर तो ५ अँपिअर घेतो, दोन मिळून १०. हा सगळा प्रवाह तीस वर्षांच्या वायरीतून आणि स्विचमधून गेला तर वाटेत दीड व्होल्ट सहज गळतो. बल्बचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घटतो. दीड व्होल्ट गेले की सुमारे एक तृतीयांश उजेड गेला. लोक मग शंभर वॅटचे बल्ब टाकतात आणि होल्डर वितळवतात. त्याऐवजी बॅटरीकडून फ्यूज लावून जाड वायर आणायची आणि जुन्या स्विचने फक्त रिले चालवायचा. काही कापावं लागत नाही, आणि हरवलेला उजेड परत येतो.

दुसरा, एसी. १९९२ च्या गाडीत आर-१२ वायू होता. ओझोनच्या थरासाठी झालेल्या माँट्रियल करारानुसार २०१० पर्यंत त्याचं उत्पादन आपल्याकडे थांबलं. आज आर-१३४ए भरतात, पण नुसता वायू बदलून चालत नाही. जुनं खनिज तेल या वायूत मिसळत नाही, त्यामुळे कॉम्प्रेसर कोरडा पडतो. तेल, रबरी रिंगा आणि ड्रायर, तिन्ही बदलायचे.

आणि न करण्याचा बदल? टर्बो. पुढे याच १९४८ सीसीच्या घराण्यात टर्बोचं इंजिन आलं, त्यामुळे मोह होतो. पण साध्या इंजिनावर बाहेरून टर्बो चढवला की पिस्टनवरची उष्णता वाढते, तेलाची आणि पाण्याची गरज वाढते आणि ब्रेक मात्र जुनेच राहतात. ज्याला वेग हवा त्याने दुसरी गाडी घ्यावी. ही गाडी माणसं आणि सामान घेऊन ऐंशीच्या वेगाने कोल्हापूरला जाण्यासाठी आहे.

जाता जाता एक विनंती. ही गाडी ज्यांनी बनवली ती माणसं निगडी, चिंचवड, आकुर्डीला राहतात, आता निवृत्त आहेत. डिकीचं दार बिजागरीवर बसवताना आधी कोणता बोल्ट आवळायचा, हे कुठल्याही पुस्तकात नाही, त्यांच्या हातात आहे. तुमच्या नात्यात, शेजारात असं कोणी असेल तर गाडी घेऊन जा, किंवा त्यांनाच गॅरेजमध्ये चहाला बोलवा. ते सांगतील ते लिहून घ्या, हात कसे चालतात त्याचं चित्रण करा. सुट्टे भाग शोधण्याइतकंच हे काम तातडीचं आहे. तिसऱ्या यादीत आम्ही सगळ्यात वर त्यांचंच नाव लिहितो.

आता प्रश्न घेऊ या.