तुंबलेल्या चारीची गोष्ट

गौरी जेवायच्या दिवशी मला रक्ताची उलटी झाली. साल २०१८. घरात पंधरा-वीस माणसं, सोळा भाज्या चिरून ठेवलेल्या, पुरण शिजत होतं. मला एकदम गरगरलं म्हणून मोरीत गेले आणि बघते तर मोरी लाल. पुढचं फार आठवत नाही. मुलगी ओरडली, यांनी मला उचललं, कुणीतरी १०८ ला फोन केला.

मैत्रिणींनो, एक गोष्ट आधी कबूल करते. त्याआधी तीन दिवस मला काळी शी होत होती. डांबरासारखी काळी, चिकट. मी कुणाला बोलले नाही. रक्तवाढीच्या गोळ्यांनी शी काळी होते हे माहीत होतं, आणि तेव्हा मी त्या घेतही होते. शिवाय घरात सण. बाईमाणसानं असलं काही कुणाला सांगायचं तरी कसं? उरकू दे गौरी-गणपती, मग बघू, असं म्हणून मी उलथणं हातात घेतलं. ती तीन दिवसांची गप्पी माझ्या जिवावर बेतली होती.

दवाखान्यात रात्रीच घशातून दुर्बीण घातली. रक्ताच्या बाटल्या चढल्या. सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, लिव्हरला सिरोसिस झालाय आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांपैकी एक फुटली होती.

आमचे हे माळकरी. घरात दारूचा थेंब नाही. पण आपल्याकडे लिव्हर म्हटलं की दारू, हे समीकरण पक्कं. बघायला येणाऱ्यांच्या डोळ्यांत तोच प्रश्न. एका नातेवाईक बाईंनी मला हळूच विचारलं, "तू कधी काही घेतलं होतंस का गं?" दुसऱ्यांनी यांनाच बाजूला घेतलं, "खरं सांगा, चोरून पिता का, त्या टेन्शननं हिचं असं झालं का?" वारी करणारा माणूस, तो त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडला.

पाट, चारी आणि फुटलेला बांध

आम्ही श्रीरामपूर तालुक्यातले. प्रवरेच्या पाटाच्या पाण्यावर आमचा ऊस. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, तेव्हापासून आमच्या घराण्याचं रोजचं बोलणं म्हणजे पाट कधी सुटणार आणि चारीला पाणी किती. डॉक्टरही बहुधा याच भागातले असावेत. त्यांनी केसपेपरच्या पाठीमागे एक चित्र काढलं.

म्हणाले, "पोटातलं, आतड्यातलं सगळं रक्त एका मोठ्या शिरेतनं लिव्हरकडे जातं. तो तुमचा पाट. लिव्हरच्या आत बारीक बारीक चाऱ्या आहेत. सिरोसिसमध्ये लिव्हरवर वण पडतात, ते कडक होतं, चाऱ्या आवळतात. पाटाला पाणी तर येतच राहतं. मग ते तुंबतं. तुंबलं की काय करतं?"

हे पटकन म्हणाले, "आडवाटेनं निघतं. बांध फोडतं."

"बरोबर. रक्त आडवाटेनं अन्ननलिकेच्या बारक्या शिरांत शिरतं. त्या शिरा एवढ्या दाबासाठी बनलेल्याच नसतात. फुगतात आणि एखाद्या दिवशी फुटतात."

त्या फुगलेल्या शिरांना म्हणायचं व्हेरिसेस आणि तुंबलेल्या पाटाच्या दाबाला पोर्टल हायपरटेन्शन. हायपरटेन्शन ऐकून शेजारच्या काकू लगेच म्हणाल्या, "बीपी होय, मलाही आहे." पण हे ते बीपी नव्हे. दंडाला पट्टा बांधून हा दाब कळत नाही. माझं दंडाचं बीपी तर कमीच असतं.

उपायही डॉक्टरांनी त्याच भाषेत सांगितला. दुर्बिणीतून फुगलेल्या शिरांना छोटी रबरं बांधतात, अगदी लहान मुलीच्या वेणीला बांधतो तेवढी. त्याला बँडिंग म्हणतात. बांध फुटायच्या जागी मातीची पोती टाकायची, तसंच हे. आणि पाटाचं दार थोडं खाली करायला गोळी. त्या गोळीनं नाडी मंद होते, दाब उतरतो. ती मनानं बंद करायची नाही. माझं बँडिंग तीन-तीन आठवड्यांनी चार वेळा झालं. घशात बधिर करायचा फवारा मारतात, नळी जाताना उबळ येते, नंतर चार दिवस छातीत दुखतं. तेवढे दिवस गार दूध आणि मऊ भात. आता वर्षातून एकदा दुर्बीण आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी असते, कारण अशा लिव्हरमध्ये कॅन्सरची भीती असते. तो लवकर सापडला तर उपाय होतो.

दोन बाटल्या रक्त

पण दारू नाही, तर मग हे आलं कुठून? रक्ताच्या तपासणीत उत्तर मिळालं. हिपॅटायटीस सी. डॉक्टरांनी विचारलं, "पूर्वी कधी रक्त चढवलं होतं का?"

चढवलं होतं. १९९८ साली, मुलीच्या वेळी. बाळंतपणात अंगावरून फार गेलं आणि दोन बाटल्या रक्त दिलं. हिपॅटायटीस सीचा विषाणू १९८९ साली सापडला, पण आपल्या देशात रक्तपेढ्यांमध्ये त्याची तपासणी सक्तीची झाली २००१ साली. म्हणजे त्या बाटल्यांत काय आहे ते मला रक्त देणाऱ्याला ठाऊक नव्हतं आणि ते चढवणाऱ्यांनाही नव्हतं. नक्की त्यातूनच आलं हे आता कुणी सिद्ध करू शकणार नाही. पण दुसरं कारण सापडलं नाही. वीस वर्षं तो विषाणू मुकाट्यानं आपलं काम करत राहिला. मला फक्त थकवा यायचा. थकवा कुठल्या बाईला येत नाही?

अमिताभ बच्चन यांनी आपली गोष्ट जाहीरपणे सांगितली आहे. १९८२ साली 'कुली'च्या अपघातानंतर त्यांना खूप लोकांचं रक्त दिलं गेलं, त्यातून हिपॅटायटीस बी झाला आणि लिव्हरचा पंचाहत्तर टक्के भाग निकामी झाला. उरलेल्या पंचवीस टक्क्यांवर ते आजही काम करतात. हे कळलं तेव्हा आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, साऱ्या गल्लीला सांगत सुटल्या, "अमिताभला झालंय तेच आमच्या सुनेला." विषाणू वेगळा, पण मी त्यांना दुरुस्त केलं नाही. त्या दिवसापासून दारूचा विषय मात्र बंद झाला.

हिपॅटायटीस बीला लस आहे. ती बाळाला जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत द्यायची असते. सीला लस नाही, पण औषध आहे. २०१८ च्या जुलैमध्ये सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्यात त्या गोळ्या मोफत मिळू लागल्या. माझा सहा महिन्यांचा कोर्स झाला, विषाणू गेला. मला वाटलं, सुटले. डॉक्टर म्हणाले, "विषाणू गेला, वण राहिलेत. चाऱ्या काही एकदम मोकळ्या होणार नाहीत." म्हणून दुर्बीण चालूच.

हा आजार एका ताटात जेवल्यानं, हात लावल्यानं होत नाही. तरी एका घरी माझी ताटवाटी वेगळी ठेवली गेली. मी जेवले आणि ताट स्वतः घासून ठेवलं. त्या घरी परत जेवले नाही.

फ्रिजवरचा कागद

आमच्या फ्रिजवर मुलीनं एक कागद चिकटवलाय. त्यावर लिहिलंय: काळी शी किंवा रक्ताची उलटी, तर लगेच १०८, आणि दुर्बिणीची सोय असलेल्याच दवाखान्यात. अंगदुखीच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत, तापालासुद्धा विचारूनच. कावीळ उतरवणारी माळ नाही, झाडपाल्याचा काढा नाही. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही. आई असंबद्ध बोलली, दिवसा झोपून रात्री जागी राहिली, तर वाट बघायची नाही. कारण तेव्हा लिव्हरनं न गाळलेलं विष मेंदूपर्यंत गेलेलं असतं. मागे एकदा भर दुपारी मी "दिवा लावला का" असं तीनदा विचारलं, ते तिनंच ओळखलं.

पोटात पाणी झालं होतं म्हणून मीठ कमी. पापड, लोणचं, ठेचा बंद. ठेच्याशिवाय बाजरीची भाकरी, हे आमच्या नगरकडच्या माणसाला सांगून बघा! पण डाळ बंद नाही. पूर्वी लिव्हरच्या पेशंटला नुसता भात-ताक द्यायचे. आता डॉक्टर सांगतात, मटकी, डाळी, दूध, पनीर खा, नाहीतर हातापायाचं मांस झडतं. झोपताना काहीतरी खायचंच, रात्रभर पोट रिकामं नको. आणि उपास बंद. हे मात्र मला जड गेलं. आषाढीला मी रडवेली झाले, तर आत्याबाई म्हणाल्या, "तुझा उपास मी धरते. तू खा." वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. तेव्हापासून त्या दोन्ही एकादश्या धरतात, एक त्यांची, एक माझी.

खर्चाबद्दल एवढंच सांगते, लाजू नका. सरकारी योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

मुलीची तपासणी केली, तिला काही नाही. रिपोर्ट हातात आल्यावर ती म्हणाली, "आई, म्हणजे हे सगळं माझ्यामुळे झालं." तिच्या मनात हे किती दिवस होतं कोण जाणे. मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, "त्या दोन बाटल्या नसत्या तर मी त्याच रात्री गेले असते. तुला आई नसती. त्या रक्तानं मला वीस वर्षं दिली, मग आजार दिला. हिशोब माझ्या फायद्याचाच आहे."

तुमच्यापैकी कुणाला २००१ च्या आधी रक्त चढवलं असेल, बाळंतपणात, ऑपरेशनमध्ये, तर एकदा हिपॅटायटीस बी आणि सीची तपासणी करून घ्या. साधी रक्ताची तपासणी आहे. आणि शी काळी झाली तर घरात सांगा. सण असला तरी सांगा. पुरण काय, दुसरं कुणीही वाटेल.