डबल : शब्द एक, अर्थ अनेक

रुमालाखाली बोटे दाबून ठरणारा सौदा सांगली-साताऱ्याकडील जुन्या व्यापारी पिढीस परिचित आहे. ब्रिजमधील बोलीही संकेतांचीच. मात्र तेथे संकेताचा ठरलेला अर्थ प्रतिपक्षापासून लपविता येत नाही, विचारल्यास सांगावाच लागतो.

त्यातील ‘डबल’ प्रसंगानुसार अर्थ पालटतो. प्रतिपक्षाच्या ‘एक इस्पिक’वर लगेच दिलेला डबल भिडूस सुचवितो, ‘पाने चांगली आहेत, इस्पिके थोडी, उरलेल्यांतून रंग तू निवड.’ बोली चढत चार इस्पिकांवर गेल्यावरचा डबल बहुधा दंडाचा असतो : ‘व्हल्नरेबल’ नसलेला पक्ष तीन हात कमी पडला, तर १५० ऐवजी ५०० गुण गमावतो. भिडूच्या ‘एक चौकट’नंतर प्रतिपक्ष ‘एक इस्पिक’ बोलल्यास त्यावरील डबलही पूर्वी दंडाचाच मानीत. १९५७ च्या सुमारास अमेरिकेच्या ॲल्विन रॉथ यांनी त्यातून बदामाची पाने सुचविण्याची रीत रूढ केली.

भिडूने अर्थ चुकीचा घेतला, तर हातचा लाभ तोट्यात जातो. शब्द कोणत्या अपेक्षेने उच्चारला, हे पाहण्याची दृष्टी अनेकान्ताने आपणास दिलीच आहे. तिच्या जोडीस भिडूंनी डबलचे अर्थ आधीच लिहून ठेवावेत. भागीदारी स्पष्ट करारानेच टिकते.