घामाचा वास आणि नाजूक कातडी

मंडळी, साताऱ्याहून सांगलीला जाणारी एस. टी. डोळ्यांपुढे आणा. मे महिना आहे. कराडला गाडी गच्च भरली. बसायला जागा नाही. माणसे वरची दांडी धरून उभी आहेत. हात वर गेला की काख उघडी पडते. मग काय होते ते सांगायला नको. जो तो तोंड फिरवतो.

अशाच गाडीने माझी नात कराडला कॉलेजात जाते. एक दिवस मागच्या पोरी तिच्याकडे बघून नाक धरून हसल्या. पोरगी घरी आली ती गप्पच. कुणाला काही बोलली नाही. तिने आपल्या मनानेच उपाय सुरू केले. पहिल्या दिवशी काखेत लिंबू चोळले. दुसऱ्या दिवशी खायचा सोडा लावला. तिसऱ्या दिवशी ब्लेडने केस काढले आणि लगेच भावाच्या डिओचा फवारा मारला.

रात्री आग आग झाली. सकाळी काखेत लाल चट्टे आणि पाण्याचे बारीक फोड. हात खाली येईना. चार दिवस कॉलेज बुडाले. त्यात चाचणी परीक्षाही बुडाली. तेव्हा ती मला म्हणाली, "आबा, मी रोज आंघोळ करते. मग मलाच का वास येतो?"

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर आपण सगळ्यांनीच समजून घेऊ. तिला विचारूनच मी हे लिहीत आहे.

वास येतो कशाने?

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. खरे वाटत नाही ना? मग दुधाचे बघा. ताजे दूध आंबट नसते. त्यात विरजण पडले की ते आंबते. घामाचेही तसेच आहे. आपल्या कातडीवर डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. ते घामातले पदार्थ खातात. त्यातून वास तयार होतो. घाम म्हणजे दूध आणि जंतू म्हणजे विरजण, असे समजा.

घामाच्या ग्रंथी दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारच्या ग्रंथी अंगभर असतात. त्यांतून पाणी आणि मीठ बाहेर येते. त्याने अंग थंड राहते. उसाच्या फडात कोयता चालवताना पाठीवरून निथळतो तो हा घाम. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी मुख्यतः काखेत आणि जांघेत असतात. माणूस वयात आला की त्या काम करू लागतात. त्यांचा घाम थोडा दाट असतो. जंतूंना तो फार आवडतो. म्हणून लहान पोराच्या काखेला वास येत नाही आणि मोठ्या माणसाच्या काखेला येतो. त्यात कुणाचा दोष नाही.

मग करायचे काय?

आधी विरजण कमी करायचे. काख रोज साबणाने धुवावी. धुतल्यावर कोरडी पुसावी. ओल्या जागी जंतू वाढतात. काखेतले केस कात्रीने बारीक ठेवावेत. सदरा, बंडी, पोलके सुती असावे आणि रोज धुतलेले असावे. पुष्कळदा माणूस आंघोळ करतो, पण कालचेच पोलके अंगात घालतो. मग कालचे विरजण आज पुन्हा लागते. माझ्या नातीचे हेच होत होते. कॉलेजचा कुडता जाड नायलॉनचा, आणि तो दोन-दोन दिवस वापरायची.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आमच्या माण-खटावात, जतमध्ये उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही. रोज आंघोळ कुठली?" बरोबर आहे. पण एक तांब्या पाणी तर मिळेल? फडके ओले करून साबण लावावा. काख आणि जांघ पुसून काढावी. मग स्वच्छ ओल्या फडक्याने साबण काढावा. तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

बाजारात काय मिळते?

एवढे करूनही काहींना वास राहतो. मग दुकानातली वस्तू घ्यावीशी वाटते. घ्यायला हरकत नाही. पण आपण काय घेतो ते कळले पाहिजे.

या वस्तू दोन प्रकारच्या. एक वास कमी करणारी. ती जंतूंना आवरते आणि वर सुवास देते. तिला डिओडरंट म्हणतात. दुसरी घामच कमी करणारी. तिच्यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते घामाची बारीक छिद्रे काही वेळ बुजवतात. ही वस्तू रात्री, कोरड्या काखेला लावली तर जास्त गुण देते.

हे सगळे तसे अलीकडचे आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात १८८८ साली 'मम' नावाचे काखेला लावायचे मलम निघाले. पुढे १९१९ साली तिकडे 'ओडोरोनो' नावाच्या औषधाची जाहिरात आली. तुमच्या घामाच्या वासाबद्दल लोक पाठीमागे बोलतात, असे भय तिने बायकांना घातले. कित्येक बायका त्या जाहिरातीवर रागावल्या. पण माल खपला! लाज वाटली की माणूस घाईने खरेदी करतो. माझ्या नातीनेही घाईच केली.

आपल्याकडे तुरटी जुनी आहे. गढूळ पाणी निवळायला आपण ती फिरवतो. दाढी झाली की न्हावी तिचा खडा गालावरून फिरवतो. तुरटीने काखेतले जंतूही कमी होतात. खडा ओला करून धुतलेल्या काखेवर हलका फिरवावा. प्रत्येकाने आपला खडा वेगळा ठेवावा. तुरटीतही ॲल्युमिनियम असते, हे माहीत असू द्यावे. कातडी फुटलेली असेल तर ती झोंबते.

कातडी का पेटते?

काखेची कातडी पातळ असते. तिथे घाम असतो, घासणे असते. त्यात काही जणांची कातडी मुळातच नाजूक. अशा कातडीला चार गोष्टी बाधतात.

पहिली गोष्ट सुवास. कातडीवर पुरळ उठवणाऱ्या वस्तूंत अत्तरी द्रव्यांचा नंबर फार वरचा आहे. दुसरी स्पिरिट. फवाऱ्यात ते बहुधा असते. ब्लेडने सोललेल्या कातडीवर ते पडले की आग होणारच. तिसरी खायचा सोडा. आपली कातडी किंचित आंबट गुणाची असते. सोडा त्याच्या उलट. तो कातडीचे रक्षण मोडतो. चौथी लिंबू. लिंबाचा रस लागलेल्या जागी ऊन पडले तर फोड येतात आणि काळे डाग राहतात. "लिंबू तर झाडाचे, ते कसे बाधेल?" असे म्हणू नका. बिब्बाही झाडाचाच असतो!

आणखी एक. एखादी वस्तू वर्षभर चालली आणि आता बाधू लागली, असेही होते. पुरळ लगेच येते असेही नाही. कधी एक-दोन दिवसांनी येते.

द्राक्षबागाइतदाराची रीत

तासगावचा बागाइतदार नवे औषध आणतो. तो ते एकदम सगळ्या बागेवर मारतो का? शहाणा असेल तर आधी दोन-चार वेलींवर मारून बघतो. पान करपले नाही, तरच पुढे जातो. बागेची एवढी काळजी, मग अंगाची का नको?

कातडीच्या डॉक्टरांनी माझ्या नातीला हीच रीत सांगितली. आधी सगळे बंद. फक्त पाणी आणि सौम्य साबण. आग थांबायला थोडे दिवस मलम दिले. कातडी पुरती बरी झाल्यावर परीक्षा सुरू केली. एका वेळी एकच वस्तू घ्यायची. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा लावायची. असे सात दिवस करायचे. खाज, लाली, पुरळ आले तर लगेच धुऊन टाकायचे आणि ती वस्तू सोडून द्यायची. काही झाले नाही तर काखेत थोडी लावून बघायची.

तुरटी तिच्या कोपराला चालली, पण काखेत चुणचुणली. मग बिनवासाची, गोळा फिरवून लावायची बाटली आणली. ती मानवली. केस काढले त्या दिवशी मात्र ती काहीच लावत नाही. दुसऱ्या कुणाला तुरटीच मानवेल. ज्याची त्याची कातडी वेगळी.

बाटली वाचा

आता तुम्हांला वाचता येते. तेव्हा दुकानात बाटली हातात घेऊन वाचा. बनवल्याची तारीख आणि कधीपर्यंत वापरायची ती तारीख बघा. आतल्या पदार्थांची यादी बहुधा इंग्रजीत असते. शाळेत जाणाऱ्या पोराला बरोबर न्या. त्याला 'परफ्यूम' आणि 'फ्रॅग्रन्स' हे दोन शब्द शोधायला सांगा. दोन्हींचा अर्थ सुवास. कातडी नाजूक असेल तर ती बाटली परत ठेवा. वेष्टनावर 'नैसर्गिक' लिहिले आहे म्हणून फसू नका.

डॉक्टरकडे कधी जावे?

फोडांतून पाणी किंवा पू आला, ताप आला, काखेत पुन्हा पुन्हा गाठी आल्या, किंवा पुरळ आठवड्यात गेले नाही, तर घरी उपाय करीत बसू नये. साताऱ्याला क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आहे. मिरजेला सरकारी रुग्णालय आहे. तिथे दाखवावे.

एक चूक कटाक्षाने टाळा. माझ्या नातीला शेजारणीने गजकर्णाची ट्यूब आणून दिली होती. मी ती लावू दिली नाही. अशा पुष्कळ ट्यूबांत जालीम औषध मिसळलेले असते. त्याने खाज तात्पुरती थांबते, पण कातडी पातळ होते आणि गजकर्ण असेल तर ते पसरते. डॉक्टरने सांगितल्याशिवाय ती लावू नये.

पोरगी आता रोज गाडीने जाते. दांडी धरून उभी राहते. मागच्या पोरींपैकी एकीने परवा तिला हळूच विचारले, "तू काय लावतेस गं?" तिने बाटलीचे नाव सांगितले नाही. म्हणाली, "आधी कोपरावर लावून बघ, मग सांगते."